अठरा रविवार

ऑकलंडला आल्यावर पहिली दोन वर्षं मी प्रेरणादायी पुस्तकांचा नुसता फडशा पाडला. नोकरी नवी, माणसं नवी आणि जूनमध्ये संध्याकाळी सव्वापाचलाच अंधार. लायब्ररीतून पिशवी भरून पुस्तकं आणायची, आवडलेली वाक्यं वहीत उतरवायची. वही भरली. माझं चिडणं, धरून बसणं मात्र जिथल्या तिथे. मला वाटायचं, योग्य पुस्तक अजून हाती लागलेलं नाही.

आईने सामानात कोंबलेली ‘गीता प्रवचने’ तशीच पडून होती. एकदा सहज चाळताना तिचा जन्म कसा झाला ते वाचलं. 1932 साल, धुळ्याचा तुरुंग. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी विनोबा एका अध्यायावर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. अठरा अध्याय, अठरा रविवार. मी ते एका शनिवार-रविवारात संपवायला निघाले होते! त्या कैद्यांना एका अध्यायावर आठवडाभर राहायला मिळालं होतं, तेही एकमेकांच्या सोबतीत.

मग मागचं सगळंच वेगळं दिसू लागलं. 1290 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती समोर बसलेल्या श्रोत्यांना. त्यांना हाका मारत, त्यांची विनवणी करत. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थ नवविधा भक्ती सांगतात, त्यात पहिली श्रवणाची. आजीकडे चातुर्मासात पोथी लागायची तेव्हा वाचणारा एक आणि ऐकणारी आळी. छापखान्यामुळे ग्रंथ घरोघर पोचले, हे फार मोठं काम झालं. पण त्याबरोबर वाचणारा हळूहळू एकटा पडला. 1859 मध्ये सॅम्युअल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ लंडनला निघालं. ज्याने त्याने आपल्या बळावर वर यावं, हा त्याचा गाभा. माझ्या पिशवीतली पुस्तकं त्याच वंशातली.

एकांताला मी कमी लेखत नाही. लोकमान्यांनी मंडालेच्या कोठडीत 1910-11 च्या हिवाळ्यात गीतारहस्य शिसपेन्सिलीने लिहून काढलं. तो एकांत नसता तर तो ग्रंथ कदाचित झालाच नसता. पण माझा एकांत तसा नव्हता. मला तिथे कोणी काही विचारत नव्हतं, म्हणून तो सोयीचा होता.

आमच्या ऑफिसात मीटिंगच्या आधी करकिया म्हणतात, माओरी भाषेतली प्रार्थना. सुरुवातीला मी कागदात बघून ओठ हलवायचे. काही महिन्यांनी एकदा कागद विसरले आणि सगळ्यांच्या आवाजाबरोबर शब्द आपोआप येत गेले. एकटीने बसून ती मला कधीच पाठ झाली नसती. त्याच संध्याकाळी आईला फोन करून म्हटलं, आपण दोघी वाचू या का?

आता रविवारी रात्री इथे साडेआठ आणि साताऱ्याला दुपारचे दोन वाजले की मी मोठ्याने वाचते. आई जेवण आवरून बसलेली असते. मध्येच म्हणते, “थांब गं, परत वाच तेवढं.” तिसऱ्या अध्यायाच्या वेळी, फळाची आशा सोडून कर्म करण्याबद्दल वाचून झालं आणि ती गप्प झाली. मग म्हणाली, “दादाला फोन केलास का?” घराच्या वाटणीवरून आमचं वर्षभर बोलणं नव्हतं. त्याने आधी करावा म्हणून मी अडून बसले होते. वहीतल्या शेकडो वाक्यांपैकी एकानेही मला हे विचारलं नव्हतं.

पुस्तकाने माणूस घडतो यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. पण ते आपल्याला पुरतं ओळखणाऱ्या माणसासमोर वाचावं, असं मी आता आग्रहाने सांगते.

येत्या रविवारी बारावा अध्याय आहे. दादाही पुण्याहून फोनवर येणार आहे.