मुदत आपणच दिलेली

पंधराव्या स्तोत्राचा आरंभ एका प्रश्नाने होतो. देवाच्या तंबूत वस्तीला कोणास जागा मिळेल, असे स्तोत्रकर्ता विचारतो. उत्तरादाखल तो यज्ञांची वा उपवासांची यादी देत नाही. जो सरळ मार्गाने चालतो, शेजाऱ्याची निंदा करीत नाही, आणि स्वतःचे नुकसान होत असले तरी दिलेला शब्द फिरवीत नाही, त्याला तेथे जागा आहे, असे तो सांगतो. हे स्तोत्र मी मिस्सामध्ये अनेकदा ऐकले होते. राहण्याची जागा आणि दिलेला शब्द यांचा त्यात इतका निकटचा संबंध जोडला आहे, हे मात्र माझ्या ध्यानात उशिरा आले, आणि तेही स्वतःच्या चुकीमुळे.

काही वर्षांपूर्वी आम्ही नाशिकरोडला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. घरमालकीण वृद्ध होत्या. आम्ही त्यांना आजी म्हणत असू. आमच्या नव्या घराचे बांधकाम पुरे होत आले, तेव्हा ३१ मे रोजी खोल्या रिकाम्या करू, असे आम्हीच त्यांना लेखी कळविले. आजींनी आम्हांला जाण्यास सांगितले नव्हते. तारीख आमची, कागद आमचा, खाली सही माझी. पुढे बांधकाम रखडले. ‘पुढच्या आठवड्यात ताबा देतो’ हे आश्वासन आम्ही दर आठवड्याला ऐकत होतो, आणि तेच आजींना ऐकवीत होतो. अशा रीतीने सात आठवडे गेले.

या काळात माझ्या मनाने एक सोयीचे उत्तर शोधून ठेवले होते. आपण भाडे देतो आहोत ना? मग आजींचे काय बिघडले?

बिघडले होते ते दुसऱ्याच एका कुटुंबाचे. बदली होऊन आलेल्या, आमच्याच धर्मग्रामातील एका गृहस्थांना आजींनी १ जूनपासून त्या खोल्या कबूल केल्या होत्या. त्यांचे सामान देवळाली कॅम्पला नातेवाइकांच्या ओसरीवर पडून होते. मुलांचे नाव नाशिकरोडच्या शाळेत घातलेले. ती रोज सकाळी रिक्षाने येत, पावसात भिजत. एका रविवारी मिस्सामध्ये शांतीची खूण देण्याची वेळ आली. मी मागे वळलो, तर तेच गृहस्थ माझ्याकडे पाहून हात जोडीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या दिवशी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास वेदीकडे जाताना माझे पाय जड झाले. बंधूच्या मनात आपल्याविषयी काही असेल, तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जावे, ही प्रभू येशूची शिकवण मला कोणी वाचून दाखविण्याची गरज उरली नव्हती.

याविषयी कायदा काय म्हणतो, हे मी पुढे कुतूहलाने पाहिले. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नोटिशीची मुदत संपली की भाडेपट्टाही संपतो. परंतु मुदतीनंतरच्या काळाचे भाडे मालकाने स्वीकारले, तर ती नोटीस सोडून दिली असे धरले जाऊ शकते. म्हणजे भाडेकरूने दिलेला शब्द त्याला एकट्याला मागे घेता येत नाही. समोरच्याची संमती लागते. महाराष्ट्रात ३१ मार्च २०००पासून भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. तो भाडेकरूला पुष्कळ संरक्षण देतो. तरीही त्याच्या सोळाव्या कलमात घर खाली करून घेण्याचे एक कारण असे दिले आहे: भाडेकरूने स्वतःच जागा सोडण्याची नोटीस दिली असेल, तिच्यावर विसंबून मालकाने जागा विकण्याचा वा दुसऱ्यास देण्याचा करार केला असेल किंवा अन्य काही पाऊल उचलले असेल, आणि ताबा न मिळाल्यास त्याची गंभीर हानी होईल असे न्यायालयास वाटले, तर न्यायालय ताबा देववू शकते. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यातही हे कारण होतेच. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात तर मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास दुपटीच्या दराने भरपाई द्यावी लागते. इंग्लंडमध्ये आपणच नोटीस देऊन न जाणाऱ्या भाडेकरूवर दुप्पट भाडे बसविणारा कायदा १७३७ इतका जुना आहे.

या तरतुदींत एक नैतिक मर्म आहे. कायदा केवळ शब्द उच्चारला एवढ्यावर थांबत नाही. त्या शब्दावर भरवसा ठेवून कोणी पाऊल टाकले का, हे तो पाहतो. आपण तारीख सांगतो, तेव्हा ती तारीख आपल्यापुरती राहत नाही. तिच्यावर कोणी मुलांची शाळा ठरवितो, कोणी रजा काढतो, कोणी टेम्पो सांगून ठेवतो. भाडे देऊन आपण भिंतींचे मोल चुकते करतो. त्या भरवशाचे मोल त्यात येत नाही.

मग परिस्थिती बदलली, तरी शब्द पाळलाच पाहिजे का? संत थॉमस अक्वायनस यांनी असत्य भाषणाचा विचार करताना हा प्रश्न हाताळला आहे. वचन देताना ते पाळण्याचा हेतू खरा होता आणि पुढे परिस्थिती पालटली, तर तो मनुष्य खोटा ठरत नाही, असे ते म्हणतात. आणि संत पौलाचे उदाहरण देतात. करिंथला येण्याचा बेत सांगूनही पौल गेला नव्हता. पण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो त्याचा खुलासा करतो. आपले ‘होय’ आणि ‘नाही’ एकाच वेळी चालते असे कोणास वाटू नये, याची त्याला चिंता आहे.

आमच्यात आणि पौलात अंतर होते ते येथे. बांधकाम रखडले, हे आमचे पाप नव्हते. पाप होते ते गप्प बसण्यात. जूनअखेरपर्यंत ताबा मिळणार नाही, हे आम्हांला मेच्या मध्यालाच उमगले होते. तेव्हाच आजींना आणि त्या गृहस्थांना भेटून खरे सांगितले असते, तर त्यांनी दुसरी सोय पाहिली असती, किंवा आम्ही नातेवाइकांकडे राहिलो असतो. अडचण आमची होती. तिचा भार मात्र आम्ही न विचारता दुसऱ्याच्या मुलांवर टाकला.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथ सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरी न करण्याच्या आज्ञेखाली, घरभाड्याच्या कराराचाही उल्लेख करतो. पुढे तो परतफेडीविषयी बोलतो: दुसऱ्याचे घेतलेले परत करावे, आणि त्यामुळे त्याचा जो न्याय्य लाभ बुडाला असेल तोही भरून द्यावा. पापनिवेदन करून आपण मोकळे होतो, अशी आपली समजूत असते. क्षमा मिळते, हे खरेच; पण परतफेड शिल्लक राहते. जक्कयाने ती प्रभूने न सांगता स्वतःहून कबूल केली होती.

घरमालकांचेही कर्तव्य आहे, हे विसरून चालणार नाही. घरात बाळंतीण असेल, कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर तारखेवर बोट ठेवणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. परंतु दया ही देणाऱ्याने द्यावयाची असते. घेणाऱ्याने ती गृहीत धरली, की ती दया राहत नाही, बळजबरी होते. आमच्या आजी मुकाट्याने भाडे घेत राहिल्या, तो त्यांचा होकार होता की वृद्धपणाची हतबलता, हे मी कधी विचारले नाही. आता विचारण्यास त्या हयात नाहीत.

नव्या घरी गेल्यावर मी त्या गृहस्थांकडे गेलो आणि सात आठवड्यांचा खर्च देऊ केला. त्यांनी हिशेब करून मुलांच्या रिक्षाचे भाडे तेवढे घेतले. बाकीचे परत केले. ‘निदान सांगायला हवे होते तुम्ही,’ एवढेच ते म्हणाले. त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.