वेडेवाकडे दात आणि अल्लाहची रचना



जुमाच्या नमाजनंतर इमामाजवळ थांबून जे प्रश्न विचारले जातात, त्यांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. विचारणारे कोवळ्या वयाचे नसतात. तिशी-पस्तिशी ओलांडलेले, क्वचित चाळिशीतले, मुलाबाळांचे आईबाप असतात आणि आवाज खाली करून विचारतात, "मौलाना, आता या वयात दात सरळ करून घेतले तर गुनाह होईल का?" भगिनी बहुधा चिठ्ठी पाठवतात. अशाच एका चिठ्ठीत एका शिक्षिका भगिनीने लिहिले होते की, लहानपणी घरात तारा लावण्याइतके पैसे नव्हते; आता स्वतःच्या पगारातून त्या अलाइनर लावू इच्छितात. परंतु धाकटे दीर म्हणतात, हा अल्लाहच्या रचनेत केलेला बदल आहे आणि सासूबाई म्हणतात, या वयात आता कोणाला दाखवायचे आहे!

यांतील पहिली हरकत शरीअतची आहे आणि दुसरी समाजाची. आपल्याकडे या दोहोंची इतकी सरमिसळ झालेली असते की कोणती कोठे संपते ते कळत नाही. म्हणून त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घ्या. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ थर असतो. दातावर एका बाजूने सौम्य आणि सततचा दाब पडला की त्या दिशेचे हाड हळूहळू विरघळते आणि मागच्या बाजूस नवे हाड भरून येते. अशा रीतीने दात हाडातून वाट काढत सरकतो. लोखंडी तारा हेच करतात आणि पारदर्शक प्लास्टिकचा अलाइनरही हेच करतो. दातांचे संगणकावर मोजमाप घेऊन एकामागून एक असे अनेक साचे तयार केले जातात. प्रत्येक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा घालायचा असतो. ही पद्धत १९९७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने रूढ केली. दिवसाचे वीस ते बावीस तास साचा तोंडात असावा लागतो. खाताना आणि पाण्याखेरीज काही पिताना तो काढायचा असतो. ही सारी हालचाल अल्लाहने हाडात ठेवलेल्या गुणधर्मावर चालते. वैद्य केवळ दाब देतो. हाड झिजवणे आणि पुन्हा भरणे त्याच्या हातात नाही.

आता हरकतीकडे येऊ. सूरह निसाच्या ११९ व्या आयतीत सैतानाच्या एका प्रतिज्ञेचा उल्लेख आहे. तो माणसांना अल्लाहच्या रचनेत बदल करायला लावीन, असे म्हणतो. आणि दातांविषयी तर थेट हदीस आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी सांगितलेल्या, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेल्या हदीसमध्ये गोंदवणाऱ्या स्त्रियांबरोबरच, सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांवरही लानत आली आहे. त्या काळी समोरच्या दातांमधील बारीक फट तारुण्याची खूण मानली जाई आणि प्रौढ स्त्रिया कानस घासून ती निर्माण करीत. चांगला, निरोगी दात वय लपविण्यासाठी घासला जाई.

हे ऐकून बनी असद कबिल्यातील उम्मे याकूब नावाची एक स्त्री हजरत इब्ने मसऊद यांच्याकडे आली. तिने कुरआन पूर्ण वाचलेला होता आणि हे त्यात कोठे आहे, असा तिचा सरळ सवाल होता. त्यांनी तिला सूरह हश्रच्या ७ व्या आयतीकडे नेले; प्रेषित (स.) जे देतात ते घ्या व ज्यापासून रोखतात त्यापासून थांबा, असा तिचा आशय आहे. ती एवढ्यावर थांबली नाही. तुमच्या स्वतःच्या घरातही हे चालते असे मला वाटते, असे तिने तोंडावर सांगितले. त्यांनी तिला घरात जाऊन पाहण्यास सांगितले. तिने पाहिले, काही आढळले नाही, आणि ती परतली. मला हा प्रसंग फार आवडतो. आपल्याकडे एखाद्या भगिनीने मौलानांना पुरावा मागितला तर मोहल्ल्यात महिनाभर चर्चा होते. तेथे सहाबींनी तिला आपल्या घराचा दरवाजा उघडून दिला.

या हदीसचा कस 'सौंदर्यासाठी' या एका शब्दात आहे. इमाम नववी (रह.) यांचे नाव आपल्या कोकणातील शाफई घराघरांत आदराने घेतले जाते. सहीह मुस्लिमवरील आपल्या भाष्यात ते याच शब्दावर बोट ठेवतात आणि स्पष्ट करतात की, निषिद्ध आहे ते केवळ रूप वाढविण्यासाठी केलेले कृत्य. उपचारासाठी किंवा दातातील दोषामुळे तशी गरज पडली तर त्यात हरकत नाही. या मताच्या पाठीशी हजरत अरफजा बिन असअद (रजि.) यांची घटना आहे. जाहिलियतच्या काळात कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घेण्यास सांगितले. पुरुषांना सोने वर्ज्य असताना ही मुभा मिळाली, हे ध्यानात घ्या. नाक गेलेला माणूस श्वास घेऊ शकतो, जेवू शकतो. तरीही त्याच्या चेहऱ्यावरील उणीव भरून काढणे प्रेषितांनी चैन मानली नाही. पुढे फुकहांनी हलणारे दात तारेने बांधण्यावरही चर्चा केली. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी त्यासाठी चांदीला संमती दिली, तर त्यांचे शिष्य इमाम मुहम्मद (रह.) यांनी सोन्यालाही. मतभेद धातूविषयी होता. दात बांधावा की नाही याविषयी नव्हता.

तेव्हा एकावर एक चढलेले दात, ज्यांच्या फटींत अन्न अडकून हिरड्या सुजतात. पुढे आलेले दात, ज्यांवर ओठ मिटत नाही. चावताना एकमेकांना न मिळणाऱ्या दाढा, हे सारे दोष आहेत आणि त्यांचा उपचार जायज आहे. केवळ दिसण्यातला दोष असेल तर? तोही पाहणाऱ्याला चटकन जाणवेल आणि माणसाला हसताना तोंडावर पदर वा हात घ्यायला लावील इतका असेल, तर माझ्या अभ्यासानुसार तो दोष दूर करण्यातच मोडतो, रचना बदलण्यात नव्हे. येथे कोणाची फसवणूक होत नाही आणि वय लपत नाही. उलट, ज्याचे दात निरोगी व सर्वसाधारण आहेत आणि केवळ पडद्यावरच्या एखाद्या चेहऱ्यासारखी बत्तिशी हवी म्हणून तो ते घासून त्यांवर मुलामा चढवू पाहतो, त्याने वरील हदीस पुन्हा वाचावी. अलाइनरच्या उपचारात कधी कधी दातांच्या कडा मिलिमीटरच्या काही दशांशांइतक्या घासाव्या लागतात. ही जागा करण्यासाठी असते, त्या जुन्या फटींसाठी नव्हे. नाव घासण्याचेच असले तरी हुकूम हेतूवर ठरतो.

शिक्षिका भगिनीच्या दिरांना मी एवढेच म्हणेन की, आयतीची काळजी वाहणे ही चांगली गोष्ट आहे. पण आयत सांगताना तिचा अर्थ ज्यांनी आयुष्य वेचून उलगडला त्यांचेही ऐकावे. सासूबाईंचे बोलणे मात्र मला अधिक गंभीर वाटते, कारण ते त्यांच्या एकटीचे नाही. मुलगी पाहायला जाणारी मंडळी घरी परतताना रिक्षात काय बोलतात ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. दीन, स्वभाव, शिक्षण बाजूला राहते आणि 'दात जरा पुढे आहेत' एवढ्यावर स्थळ परत जाते. शाळेत 'दाताळ' हे नाव पडते ते घरातही चिकटते. सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत एकमेकांची टर उडविण्यास आणि वाईट नावे ठेवण्यास सक्त मनाई आहे आणि तेथे स्त्रियांचा निराळा उल्लेख केला गेला आहे. ज्या समाजाने अठराव्या वर्षी तिला हिणवले, त्याच समाजाने पस्तिसाव्या वर्षी, ती स्वतःच्या कमाईतून उपचार घेऊ लागली की तिला अल्लाहच्या रचनेची आठवण करून द्यावी, हा कोणता न्याय? रचना अल्लाहची आहे, हे तेव्हा का आठवले नाही?

आणि ज्यांना उपचार परवडत नाही किंवा नको आहे, त्यांनीही मान खाली घालण्याचे कारण नाही. उहुदच्या लढाईत, हिजरी ३ मध्ये, स्वतः प्रेषित (स.) यांचा समोरच्या बाजूचा एक दात शहीद झाला होता. शिरस्त्राणाची कडी त्यांच्या गालात रुतली, तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी ती आपल्या दातांनी धरून ओढली आणि त्यात त्यांचे समोरचे दात निखळले. सीरतच्या ग्रंथांत येते की, दात पडलेल्या माणसांत अबू उबैदांइतका देखणा कोणी नव्हता, असे लोक म्हणत.

आता पैशांविषयी. या उपचाराचा खर्च अनेकदा लाखाच्या पुढे जातो. जकात थकलेली असेल, कोणाचे कर्ज डोक्यावर असेल, पत्नीची मेहर द्यायची राहिली असेल, तर आधी ते. 'बिनव्याजी हप्ते' अशी पाटी पाहून सही करू नका. बऱ्याचदा कागदोपत्री ते बँकेचे वा वित्तसंस्थेचे व्याजी कर्जच असते आणि व्याजाइतकी सूट किमतीत दाखवलेली असते. करारपत्र जाणकार मुफ्तींना दाखवा. त्यापेक्षा दंतवैद्यांशीच बोला; उपचार वर्ष-दीड वर्ष चालतो आणि बरेच डॉक्टर टप्प्याटप्प्याने पैसे घेतात. साध्या तारा पुष्कळदा स्वस्त पडतात आणि गुंतागुंतीच्या दोषांत अधिक कामाच्या ठरतात. 'दिसू नये' एवढ्यासाठी दुप्पट खर्च करावा का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

डॉक्टरांना न भेटता, घरपोच साचे मागवण्याच्या नादी लागू नका. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी २०१४ पासून हाच व्यवसाय करीत होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती एकाएकी बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेले ग्राहक वाऱ्यावर राहिले. प्रौढ वयात हिरड्यांचा आजार असताना दात सरकवले तर हाड आणखी झिजून दात गमावण्याची वेळ येते. म्हणून आधी एक्स-रे, आधी हिरड्यांचा इलाज. मधुमेह असेल तर तो आटोक्यात हवा. आणि येथे स्पष्ट बोललेच पाहिजे, मग कोणाला राग आला तरी चालेल. गालात गुटखा आणि हिरड्यांवर मिश्री ठेवून दात सरळ करण्याचा मसला विचारणाऱ्याने आधी तो गुटखा आणि ती मिश्री थुंकावी. मिस्वाकवर प्रेषितांनी किती भर दिला हे लहान मुलांनाही पाठ असते. आपण तिची जागा तंबाखूला दिली आहे.

इबादतीचे मसले थोडक्यात सांगतो. वुजूमध्ये चूळ भरणे सुन्नत आहे. साचा काढून चूळ भरणे उत्तम, पण न काढल्यास हनफी व शाफई दोन्ही मतांनुसार वुजू होतो. फर्ज गुस्लमध्ये मात्र हनफी बंधूंसाठी चूळ भरणे फर्ज आहे, म्हणून साचा काढलाच पाहिजे. शाफई मतात ती गुस्लमध्येही सुन्नतच आहे. पकड यावी म्हणून डॉक्टर दातांवर जे छोटे उंचवटे चिकटवतात, ते दातात भरलेल्या सिमेंटसारखे समजावेत. ते काढण्याची गरज नाही.

साचा तोंडात असल्याने रोजा तुटत नाही. सेहरीनंतर मात्र दात आणि साचा दोन्ही नीट घासून घ्या, अडकलेला अन्नकण दिवसा गिळला जाऊ नये. दिवसा वुजूसाठी साचा काढलात तर परत घालण्यापूर्वी तो झटकून, पुसून कोरडा करा. तोंडाबाहेर आलेली लाळ पुन्हा आत नेऊन गिळल्यास शाफई मतात रोजा बाधित होतो आणि धुतल्याचे पाणी गिळले जाऊ नये ही दक्षता सर्वांसाठीच आहे. तसे पाहता रमजान या उपचाराला सोयीचाच महिना आहे. एरवी चहाच्या प्रत्येक कपामागे साचा काढणारा माणूस दिवसभर त्याला हात लावत नाही.

राहिली किरअत. से, जाल आणि जोय ही अक्षरे जिभेचे टोक वरच्या समोरच्या दातांच्या कडेला लावून उच्चारली जातात आणि फेसाठी त्याच दातांची कड खालच्या ओठाला टेकते. साचा नेमकी हीच कड झाकतो, त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस उच्चार बोबडे होतात. एकट्याच्या नमाजसाठी याची फार चिंता करू नये. पण इमामत करणाऱ्याने आणि तरावीह पढवणाऱ्या हाफिजने साचा काढून उभे राहावे. तासा-दीड तासाने उपचाराचे नुकसान होत नाही. फक्त जेवणाची वेळ तेवढी आटोपशीर ठेवावी. आणि काढलेला साचा डबीतच ठेवावा. वुजूखान्याच्या कठड्यावर कागदात गुंडाळून ठेवलेला साचा झाडणारे काका कचऱ्यात टाकतात आणि मग मशिदीच्या फलकावर हरवल्याची सूचना लावावी लागते.