हाती न येणारे फळ

निष्काम कर्म ही संतांचीच मिरास, असे आपण धरून चालतो. मला मात्र आयर्लंडमधील कॉर्कचा फुटबॉलपटू रॉय कीन आठवतो. स्वभावाने जमदग्नी!

२१ एप्रिल १९९९. तूरिनमध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य लढत. युव्हेंटसने मँचेस्टर युनायटेडवर दोन गोल चढवले. कर्णधार कीनने एक फेडला. थोड्याच वेळात त्याला पिवळे कार्ड मिळाले आणि नियमाप्रमाणे अंतिम सामना त्याला बंद झाला. तरीही उरलेला जवळजवळ तासभर तो जीव ओतून खेळला. संघ ३-२ ने जिंकला. पुढे बार्सिलोनात चषकही मिळाला, कीनवाचून.

हाच गृहस्थ २००२ साली विश्वचषकाच्या तोंडावर व्यवस्थापकाशी भांडून घरी परतला. तेव्हा निष्कामता जन्मभराची असावीच लागते, असे नाही. तापट माणसालाही ती तासभर साधते. मग तुम्हां-आम्हांला का साधू नये?