पहिला गुरू पृथ्वी





अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ही कथा आपण दर दत्तजयंतीला ऐकतो. भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही कथा. नाथमहाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली. चोवीसांत कबूतर आहे, अजगर आहे, मधमाशी आहे, बाण करणारा कारागीरही आहे. पण पहिला मान पृथ्वीचा. तिच्याकडून शांती शिकायची. लोक तिला नांगरतात, खणतात, तुडवतात. ती आपला मार्ग सोडत नाही.

एवढे सांगून कीर्तनकार पुढे वायूकडे वळतात. मी मात्र अलीकडे इथेच अडतो. सहन करणे हा पृथ्वीचा गुण आपण घ्यायचा आहे. ती सहन करते म्हणून तिच्यावर वाटेल ते टाका, असे अवधूत कुठेही म्हणाले नाहीत. गुरूचा गुण घ्यावा, गुरूच्या गरीबपणाचा फायदा घेऊ नये.

आषाढी वारीत माउलींची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात येते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. एवढी माणसे, नाना जातींची, नाना गावांची, पण धक्का लागला तर समोरचा उलट पाया पडतो. शांततेचा याहून मोठा मेळा मी तरी पाहिला नाही. सकाळी पालखी निघाली की आपण सगळे सदाशिवनगरच्या रिंगणाला धावतो. मागे गावात काय उरते, ते बघायला कोण थांबतो?

एका वर्षी गुडघ्यामुळे मला जाता आले नाही. ओट्यावर चहा घेत बसलो होतो. समोर सफाईच्या दोन बाया पत्रावळ्या, ग्लास, बाटल्या आणि बरेच काही, जे इथे लिहीत नाही, ते गोळा करत होत्या. मी आपलं कौतुकानं म्हटलं, "ताई, मोठं पुण्य लागतंय बरं का तुम्हाला." हातातला झाडू न थांबवता त्यातली एक म्हणाली, "मग काका, घ्या की थोडं तुम्हीबी."

चहा गोड लागला नाही.

पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटातही वर्षानुवर्षे हेच होते. लाखोंनी दर्शन घ्यायचे आणि त्यांची घाण मूठभर माणसांनी उचलायची. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. हाताने मैला उचलायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. पुढे 'निर्मल वारी'च्या नावाने फिरती शौचालये वाटेवर उभी राहू लागली. पुष्कळ फरक पडला, ते कबूल केलेच पाहिजे. पण शौचालयही कुणीतरी धुतेच ना?

आणि पाणी कुठे थांबते? आपल्या तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा वाहते. ती नरसिंगपूरला भीमेला मिळते. भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते आणि खाली गाणगापूरला अमरजेच्या संगमावर जाते. म्हणजे आपण इथे ओढ्यात जे सोडतो, ते आधी विठोबाच्या पायरीशी आणि मग नृसिंहसरस्वती महाराजांच्या संगमावर. तिथे आपणच जाऊन डोळे मिटून बुडी मारतो.

आता घरचेच सांगतो. आपल्या मंदिराच्या महाप्रसादाचा हिशेब बरीच वर्षे माझ्याकडे होता. बँकेत जन्म गेला, पैशाला पैसा जुळल्याशिवाय झोप येत नसे. थर्माकोलची ताटे स्वस्त पडतात, हा शोध माझाच. २०१८ च्या बंदीनंतर चकचकीत कागदाची आणली, त्यालाही आतून प्लास्टिकच. शिल्लक पडली, टाळ्या पडल्या. मंदिरामागे तो ढीग पडायचा. उरलेला भात कॅरीबॅगेत गाठ मारून फेकलेला असायचा आणि गाय ती पिशवीसकट चघळत उभी असायची. आत दत्तमहाराजांच्या मागे गाय आहे, तिला आपण हळदकुंकू वाहतो. बाहेरच्या गाईला मी पिशवी खाऊ घातली. त्या खर्चाचे व्हाउचर कुणी आणले नाही, म्हणून माझ्या वहीत तो खर्च नाही, इतकेच.

यंदा बैठकीत मी स्टीलच्या ताटांचा विषय काढला. तासभर वाद झाला. धुणार कोण, इथेच गाडी अडली. कुणीतरी म्हणाले, त्याच दोन बायांना पाचशे रुपये देऊ. मला तो झाडू आठवला. शेवटी ठरले की पंगतीला बसणाऱ्यांनीच पाळीने धुवायची. खरकटे वेगळे काढायचे आणि धुतलेले पाणी औदुंबराच्या आळ्यात न सोडता मागच्या नारळांना द्यायचे. साबणाऐवजी राख वापरायची, असे एका आजींनी सुचवले, तेही मान्य झाले.

पौर्णिमेला जन्मकाळ झाला की पंगत बसेल. पहिल्या पाळीत माझे नाव आहे. गुडघे दुमडत नाहीत, तेव्हा मी उभ्याने ताटे पुसणार. येताना प्रत्येकाने एक जुने फडके घरून आणावे.