विजेचा तराजू



मगरिबच्या अज़ानला आपण दिवा लावतो, तेव्हा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळत असतो. त्या धुरात श्वास घेणाऱ्याला सूर्य, वारा आणि वाहते पाणी यांपासून मिळणारी वीज हा अल्लाहचा अनुग्रह वाटतो, आणि तो आहेच. मात्र जी वीज धूर सोडत नाही, ती कोणाचेही घर उजाड करीत नाही, हा समज चुकीचा आहे.

गडचिरोलीचा अनुभव आठवा. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन जलविद्युत धरणे योजिली होती. त्यांत धूर नव्हता; परंतु माडिया-गोंडांची गावे, अरण्ये आणि रानम्हशींचा अधिवास पाण्याखाली जाणार होता. १९८४ च्या सुमारास ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. लालश्याम शाह आणि बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. ती धरणे झाली नाहीत. त्याच चळवळीतून जागृत झालेल्या मेंढा (लेखा) गावाला पुढे २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला.

सूरह रहमानमध्ये आकाशाच्या उंचीबरोबरच तराजूचा उल्लेख येतो आणि तोलात अतिरेक न करण्याची ताकीद मिळते. सूरह अनआम (६:३८) शिकवते की, भूमीवर चालणारे जीव आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही आपल्यासारखेच समुदाय आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेचा परिसर संरक्षित ठरवून तेथील वृक्षतोड व शिकार निषिद्ध केली.

म्हणून वीजच नको, असे म्हणता येणार नाही. दुर्गम पाड्यावरील रुग्णाचा आणि अभ्यास करणाऱ्या लेकराचाही त्या तराजूत हक्क आहे. प्रश्न एवढाच की, जंगलाला हात लावण्यापूर्वी आपण आपली छपरे वापरली का? मशिदीच्या, मदरशाच्या, घराच्या छतावर पडणारे ऊन कोणत्याही वाघाची वाट अडवीत नाही. आणि इशानंतर रिकाम्या सभागृहात फिरत राहणाऱ्या पंख्यांचा हिशेब कोण देणार? वुज़ूच्या पाण्यातही उधळपट्टी वर्ज्य मानणाऱ्या उम्मतला हे वेगळे सांगावे लागू नये.

येत्या जुम्याला आपल्या मशिदीच्या विश्वस्तांसमोर हा विषय अवश्य मांडा. अल्लाह आपल्याला या भूमीचे मालक नव्हे, विश्वासू राखणदार बनवो. आमीन.