स्वत्व आणि उपभोग : प्रथमच घर भाड्याने देणाऱ्याचा धर्म

वस्तूशी असलेल्या मालकीच्या संबंधाला धर्मशास्त्रात ‘स्वत्व’ असे नाव आहे, आणि त्या वस्तूचा प्रत्यक्ष वापर करण्याला ‘उपभोग’ म्हटले जाते. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत या दोन गोष्टी इतक्या एकजीव झालेल्या असतात की त्या वेगळ्या आहेत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आईवडिलांच्या पश्चात रिकामे पडलेले किंवा उतारवयातील आधार म्हणून घेऊन ठेवलेले घर एखादे कुटुंब प्रथमच भाड्याने देते, तेव्हा मात्र स्वत्व एकाकडे आणि उपभोग दुसऱ्याकडे अशी फारकत होते, आणि जे आपले आहे त्याच्याच दारावरची घंटा वाजवून उभे राहण्याची वेळ मालकावर येते. अशा वेळी स्वत्वाचा अर्थ नेमका काय उरतो, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

गौतमधर्मसूत्रात स्वत्व उत्पन्न होण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत : रिक्थ म्हणजे वारसा, क्रय म्हणजे खरेदी, संविभाग म्हणजे वाटणी, परिग्रह म्हणजे कोणाचीच नसलेली वस्तू ताब्यात घेणे, आणि अधिगम म्हणजे सापडलेले धन. यांतील ‘परिग्रह’ हा शब्द लक्षणीय आहे, कारण पतंजलीच्या योगसूत्रांत ‘अपरिग्रह’, म्हणजे वस्तूंचा संग्रह न करणे, हा पाच यमांपैकी एक मानला असून जैन परंपरेतही ते एक महाव्रत आहे. व्यवहाराने जे मालकीचे साधन मानले, तेच मोक्षमार्गाने बंधन ठरवले. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने या दोहोंत गल्लत होऊ दिली नाही. स्वत्व हे ‘लौकिक’ आहे, म्हणजे ते केवळ शास्त्रवचनातून कळणारे नसून लोकव्यवहारातून सिद्ध होणारे आहे, असे त्याने प्रतिपादले. स्वत्व लोकव्यवहारातून येत असेल, तर त्याच्या मर्यादाही लोकव्यवहारातच शोधाव्या लागतात.

या मर्यादांचा मूलगामी विचार पूर्वमीमांसेत आढळतो. विश्वजित् यागात यजमानाने आपले सर्वस्व दान करावयाचे असते. तेव्हा राजाने हा याग केल्यास त्याने सारी पृथ्वी दान करावी काय, असा प्रश्न जैमिनीने उपस्थित केला आणि पृथ्वी सर्वांना सारखीच असल्याने ती देता येत नाही, असे उत्तर दिले. शबराच्या भाष्यानुसार माणूस शेताचा स्वामी असू शकतो, अवघ्या भूमंडळाचा नव्हे. पश्चिम भारतात प्रमाण मानल्या गेलेल्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथात नीलकंठ भट्टानेही जिंकलेल्या प्रदेशात राजाला करग्रहणाचा अधिकार मिळतो, शेताघरांची मालकी मात्र मूळ धन्यांकडेच राहते, असा भेद केला आहे. एकाच जागेवर दोघांचे दोन निरनिराळे अधिकार असू शकतात आणि त्यांपैकी एकाने दुसरा गिळंकृत होत नाही, हे या चर्चेचे सार आहे.

भाड्याच्या घराला ही दृष्टी प्राचीन ग्रंथकारांनीच लावलेली दिसते. कौटिल्याने ‘अवक्रय’, म्हणजे भाडे, देऊन राहणाऱ्याचा विचार करताना मनाई केल्यावरही राहणाऱ्या भाडेकऱ्याला दंड सांगितला, आणि चोरी, दांडगाई यांसारखे कारण नसताना भाडेकऱ्याला बाहेर काढणाऱ्या मालकालाही दंड सांगितला. आपण होऊन मध्येच निघून जाणाऱ्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे, असेही म्हटले. नारदस्मृतीनुसार परक्याच्या भूमीवर ‘स्तोम’, म्हणजे जागेचे भाडे, देऊन घर बांधणाऱ्याला जाताना आपले गवत, लाकूड व विटा घेऊन जाता येतात. या नियमांत मालक हा उपकारकर्ता नाही आणि भाडेकरू आश्रितही नाही.

आजच्या महाराष्ट्रातील प्रचलित करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ या नावाने ओळखला जातो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार लायसन्स म्हणजे केवळ अनुज्ञा असून तिच्यामुळे वास्तूत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखाली भाडी १९४० च्या पातळीशी जखडली गेल्याने, जागा एकदा दिली की ती गेलीच, अशी धास्ती मालकांच्या मनात रुजली होती. अनुज्ञेच्या या मार्गाने ती बरीचशी शमली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने मात्र लेखी करार व त्याची नोंदणी सक्तीची करून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आणि नोंदणी नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले. कायद्याने हितसंबंध निर्माण होत नाही, यावरून राहणाऱ्याच्या खाजगीपणालाही किंमत नाही, असे अनुमान नवा मालक सहज काढतो आणि जवळच्या दुसऱ्या किल्लीला अधिकारपत्र समजू लागतो. वास्तविक अनुज्ञा ही घर परत मिळण्याची हमी आहे; हवे तेव्हा आत जाण्याचा तो परवाना नव्हे.

अनामत रकमेच्या, म्हणजे डिपॉझिटच्या, बाबतीत हीच कसोटी मालकाला उलट बाजूने लागते. विश्वासाने सोपवलेल्या ठेवीला धर्मशास्त्र ‘निक्षेप’ म्हणते आणि ती बुडवणे हा अठरा व्यवहारपदांतील, म्हणजे वादविषयांतील, एक विषय आहे. आधुनिक डिपॉझिट काटेकोर अर्थाने निक्षेप नाही, कारण मालक ते वापरू शकतो. परंतु परतफेडीचे दायित्व तेच आहे. भाडेकऱ्याकडे मालकाचे घर आणि मालकाकडे भाडेकऱ्याचे पैसे, अशी ही परस्परांची ठेव असल्याने, नित्याच्या वापराने उडालेल्या रंगाचे पैसे अनामतीतून कापणारा मालक भाडेकऱ्याकडून ज्या सचोटीची अपेक्षा करतो, तीच स्वतः मोडतो.

भाडेकऱ्याच्या निवडीत याहून सूक्ष्म दोष संभवतो. दान देताना देश, काळ व पात्र पाहावे, असे भगवद्गीता सांगते, आणि जात, धर्म, आहार किंवा अविवाहितपणा पाहून घर नाकारणारा मालक नकळत हीच ‘पात्रते’ची भाषा बोलतो. परंतु भाडे घेऊन दिलेले घर हे दान नव्हेच. मोबदला पुरता घ्यावयाचा आणि परीक्षा मात्र दात्याच्या थाटात करावयाची, ही विसंगती आहे. भाडे वेळेवर येईल काय आणि घर नीट वापरले जाईल काय, एवढीच चौकशी या व्यवहारातून न्याय्यपणे निघते.

भाडे घेणे अपरिग्रहाच्या विरुद्ध आहे काय, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. गृहस्थाला संपूर्ण अपरिग्रह सांगितलेला नाही. जैन श्रावकासाठीही ‘परिग्रहपरिमाण’, म्हणजे संग्रहाला मर्यादा घालणे, हे अणुव्रत आहे. केवळ धास्तीपोटी वर्षानुवर्षे कुलूपबंद ठेवलेल्या घरात स्वत्व असते, पण उपभोग कोणाचाच नसतो. भाड्याने दिलेल्या घरात स्वत्व टिकते, मात्र त्याला परिमाण लागते. जैमिनीने राजाला शेत आणि पृथ्वी यांतील भेद दाखवला; घरमालकाला तोच भेद लहान प्रमाणावर पाळावयाचा असतो, कारण त्याचे स्वत्व भिंतींवर आणि छतावर आहे, त्यांच्या आत मांडलेल्या परक्या संसारावर नाही.