सुटी सिगारेट

मी अनेक वर्षं सिगारेट ओढतो आहे आणि तंबाखूवरचे निर्बंध आणखी कडक व्हावेत असं मला वाटतं. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण ओढणाऱ्यांना त्यात नवल वाटणार नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं होतं. सरकारच्या प्रत्येक उपायाकडे मी त्याच नजरेने पाहतो : सुटू पाहणाऱ्या माणसापर्यंत हा पोचतो का?

सार्वजनिक ठिकाणच्या बंदीबद्दल माझी तक्रार नाही. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिला, २००३ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून कचेऱ्या, हॉटेलं, स्थानकं यांना कडक नियम लागू झाले. माझा धूर शेजारच्या टेबलावरच्या पोराने गिळावा, असा हक्क मला कधीच नव्हता. एसटीच्या खिडकीशी बसून विडी ओढणारा उतारू आज सहसा दिसत नाही, हे चांगलंच झालं.

पण हे निर्बंध इतरांना वाचवण्यासाठी आहेत. ओढणाऱ्याला रोखायला सरकारच्या हाती मुख्यतः दोन गोष्टी आहेत, किंमत आणि पाकीट. एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने आणि मजकुराने व्यापलेला असतो. आता कुठल्याही पानटपरीवर दोन मिनिटं उभं राहून पाहा. फळीवर उघडं पाकीट, खांबाला सुतळीने लटकवलेला लायटर. गिऱ्हाईक येतं, ब्रँडचं नावही घेत नाही, नुसतं एक बोट दाखवतं. टपरीवाला एक सिगारेट काढून देतो, नाणी गल्ल्यात पडतात. पाकीट फळीवरून हललेलंच नसतं. ते सडलेल्या जबड्याचं चित्र दिवसभर बघतो तो टपरीवाला, ओढणारा नव्हे.

किमतीचंही तेच. दहाच्या पाकिटामागे वीस रुपये वाढले तर पाकीट घेणारा कपाळाला आठ्या घालतो. एकेक घेणाऱ्याला दोनच रुपये जास्त पडतात, आणि दोन रुपयांनी कोणी सिगारेट सोडत नाही. म्हणूनच सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेटी-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली, ती मला सगळ्यात शहाणी वाटली. ती कागदावरच राहिली, याचं मला फार वाईट वाटतं.

माझे ओढणारे मित्र म्हणतात, सुटी मिळते म्हणून तर कमी ओढली जाते, खिशात पाकीट असलं की संपेपर्यंत चैन पडत नाही. ते खरं आहे, मीही तसंच करतो. पण ही सोय आम्हा मुरलेल्यांची. दहावी-अकरावीतल्या मुलाकडे पाकिटाचे पैसे नसतात, एकीचे असतात. आमच्या सोयीसाठी त्याचा रस्ता उघडा ठेवावा, हे मला पटत नाही.

बंदी राबवायची म्हणजे टपऱ्यांवर धाडी घालायच्या असंही नाही. टपरीवाल्याचं पोट या सुट्या विक्रीवर चालतं. तंबाखू विकायला वेगळा परवाना असावा आणि तिथे गोळ्या-बिस्किटं विकू नयेत, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना सुचवलं होतं. परवाना म्हटला की तो जाण्याची धास्ती येते, आणि कधीमधी होणाऱ्या दंडापेक्षा ती धास्ती रोज काम करते.

विडीच्या बाबतीत तर सरकारची दिशाच उलटी आहे. जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५मध्ये सिगारेट ४० टक्क्यांच्या गटात टाकली आणि विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. कारण दिलं जातं ते विडी वळणाऱ्या बायांचं. सोलापूरच्या त्या बाया हजार विड्यांमागे मजुरी घेतात, तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात घेतात. त्यांना कर सवलतीपेक्षा दुसऱ्या कामाची गरज आहे. आणि गरिबाची फुप्फुसं स्वस्तात जाळू द्यायची, याला गरिबांची कणव म्हणता येत नाही.

उरते ती मदत. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. तो छापलेला असतो पाकिटावर, म्हणजे सुटी घेणाऱ्याला तोही दिसत नाही. निकोटिनच्या पर्यायी उपचाराला २०२२च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत जागा मिळाली. मग च्युइंगम आणि पट्ट्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, रक्तदाबाच्या गोळ्यांसारख्या, फुकट मिळायला हव्यात. मी ओढलेल्या प्रत्येक सिगारेटीमागे सरकारला कर मिळतो. त्यातला ठरावीक वाटा या औषधांसाठी आणि समुपदेशकाच्या पगारासाठी कायद्याने बांधून द्यावा, एवढी मागणी करण्याचा अधिकार, तो कर भरणारा म्हणून, मला आहे.